द्रष्ट्यामागून : एडविन लँड आणि पोलरॉइड

गुरू, संस्थापक किंवा पुढारी निघून गेल्यावर मागे राहिलेल्यांचे काय होते, हा प्रश्न इतिहासाला नवा नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र तो मठ, घराणी आणि राज्ये यांच्याबरोबरच कंपन्यांविषयीही, आणि तितक्याच भाविकतेने, विचारला जाऊ लागला. २०११ च्या ऑगस्टमध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी ॲपलचे मुख्य कार्यकारी पद सोडले आणि ५ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले. त्यानंतर कित्येक वर्षे 'आता ॲपलचे काय होणार?' या एका वाक्याभोवती वृत्तपत्रांचे रकाने भरत राहिले. त्या चर्चेत भर घालण्याचा आमचा विचार नाही. जॉब्ज ज्यांना गुरुस्थानी मानत, त्या एडविन लँड यांच्या पोलरॉइड कंपनीचे तिच्या संस्थापकामागून काय झाले, हे पाहणे आम्हांला अधिक उद्बोधक वाटते. ती कथा घडून गेली आहे. तिच्यातले खटले, ताळेबंद, दिवाळखोरीचे अर्ज, सारे उजेडात आले आहे. अंदाज बांधण्याऐवजी पुरावा तपासावा, अशी सोय तिथे आहे.

मात्र ही कथा बहुधा इतिहासाच्या नव्हे, बखरीच्या थाटात सांगितली जाते. द्रष्टा आला, त्याने अद्भुत निर्माण केले, हिशेबनीसांनी त्याला घराबाहेर काढले, घर बुडाले. जॉब्ज यांनीही १९८५ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतीत लँड यांना राष्ट्राचे लेणे ठरवून, अशा माणसाला त्याच्याच कंपनीतून घालवण्याच्या मूर्खपणाबद्दल संताप व्यक्त केला होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात स्वतः जॉब्ज ॲपलमधून बाहेर पडले, त्यामुळे त्या उद्गारांना भविष्यवाणीचा रंग चढला आणि बखर अधिकच घट्ट झाली. लँड यांच्या मृत्यूनंतर त्यांचे खासगी कागद नष्ट करण्यात आले, तर कंपनीचे दप्तर २००६ साली हार्वर्डच्या बेकर ग्रंथालयात सुखरूप पोहोचले. माणसाविषयी आख्यायिका आणि संस्थेविषयी कागद, अशी ही वाटणी आहे. साहित्याच्या अभ्यासकाला अशा वाटणीचा अर्थ वेगळा सांगायला नको.

लँड यांचा जन्म १९०९ चा, कनेटिकट राज्यातला. प्रकाशाच्या ध्रुवणाने ते किशोरवयातच झपाटले होते. हार्वर्डला प्रवेश घेतला, तो अर्धवट सोडला, न्यूयॉर्कला जाऊन स्वतःच वाचन आणि प्रयोग केले, आणि विशीतच ध्रुवणकारी पत्रा कृत्रिम रीतीने बनवण्याची युक्ती शोधली. पुन्हा हार्वर्ड, पुन्हा पदवीवाचून बाहेर. १९३२ मध्ये तेथील भौतिकशास्त्राचे तरुण अध्यापक जॉर्ज व्हीलराइट यांच्यासह प्रयोगशाळा काढली. १९३७ मध्ये पोलरॉइड कॉर्पोरेशन स्थापन झाले. कंपनीत सगळे त्यांना 'डॉक्टर लँड' म्हणत. ही डॉक्टरकी सन्मानाची होती, परीक्षेची नव्हती. मोटारींच्या समोरच्या दिव्यांचा झगझगाट ध्रुवणाने घालवावा, हे त्यांचे पहिले स्वप्न. मोटार-उद्योगाने ते कधीच स्वीकारले नाही. काळे चष्मे, कॅमेऱ्यांची गाळणी आणि पुढे युद्धकाळातली सरकारी कामे यांवर कंपनी तगली. आरंभीच्या या अपयशाचा उल्लेख बखरीत सहसा नसतो.

बखरीचे खरे बीज सांता फे येथे पडले. १९४३ च्या नाताळच्या सुट्टीत लँड यांनी तीन वर्षांच्या मुलीचा फोटो काढला, आणि तिने विचारले, की तो आत्ताच का पाहता येत नाही? मग ते एकटेच फिरायला गेले आणि तासाभरात कॅमेरा, फिल्म आणि रसायन यांची सारी कल्पना त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. ही गोष्ट स्वतः लँड यांनीच वारंवार सांगितली आहे, आणि त्या तासात काही तपशील राहून गेले होते, ते सोडवायला १९४३ पासून १९७२ पर्यंतचा काळ लागला, अशी मिश्किल पुस्तीही जोडली आहे. गोष्ट खरी की रचलेली, हा वाद आम्हांला निष्फळ वाटतो. एका बालिकेचा प्रश्न ही कंपनीची गंगोत्री आहे असे कंपनी मानत होती, हे महत्त्वाचे. प्रश्न फोटोचा होता. कागदाचा, रसायनाचा किंवा कॅमेऱ्याच्या कुठल्या विशिष्ट पेटीचा नव्हता. 'आत्ताच का पाहता येत नाही?' हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढची सारी शोकांतिका याच वाक्याच्या वाचनावरून झाली असे आमचे मत आहे.

फेब्रुवारी १९४७ मध्ये न्यूयॉर्क येथे शास्त्रज्ञांसमोर प्रात्यक्षिक झाले. २६ नोव्हेंबर १९४८ रोजी बोस्टनच्या जॉर्डन मार्श या दुकानात पहिला कॅमेरा विक्रीस आला आणि दुकानातला साठा त्याच दिवशी संपला. मिनिटाभरात तपकिरी छटेचा फोटो हाती येई. लोकांना मात्र काळा-पांढरा हवा होता. तो १९५० मध्ये आला आणि लगोलग फिकट पडू लागला. या संकटातून कंपनीला बाहेर काढणाऱ्यांत मेरो मॉर्स या स्त्रीचे नाव अग्रभागी येते. त्यांचे शिक्षण रसायनशास्त्राचे नव्हते. त्या स्मिथ कॉलेजच्या कलेतिहासाच्या पदवीधर होत्या. क्लॅरेन्स केनेडी या तेथील कलेतिहासाच्या प्राध्यापकांशी लँड यांचा स्नेह होता, आणि त्यांच्या शिफारशीने स्मिथच्या अनेक विद्यार्थिनी पोलरॉइडच्या प्रयोगशाळेत आल्या. विज्ञान शिकवता येते, पाहण्याची दृष्टी आधी असावी लागते, असा त्यामागचा हिशेब होता. मॉर्स काळ्या-पांढऱ्या फिल्मच्या संशोधनाच्या प्रमुख झाल्या. ॲन्सेल ॲडम्स यांच्यासारखा चोखंदळ छायाचित्रकार कंपनीचा सल्लागार झाला, आणि त्यांच्याशी होणाऱ्या पत्रव्यवहाराचा मोठा भार मॉर्स यांनीच वाहिला. १९६९ मध्ये, ऐन उमेदीत, त्या वारल्या. रंगीत फिल्मचे रसायन मुख्यतः हॉवर्ड रॉजर्स यांनी उलगडले. ती फिल्म १९६३ मध्ये बाजारात आली.

ही नावे आम्ही मुद्दाम घेत आहोत. लँड यांच्या नावावर पाचशेहून अधिक पेटंटे आहेत, आणि त्यांची प्रतिभा वादातीत आहे. परंतु कंपनीचे ज्ञान एकाच डोक्यात होते आणि ते डोके गेल्याबरोबर ज्ञानही गेले, हे म्हणणे या माणसांवर अन्याय करणारे आहे. ज्ञान मागे राहिले होते. गेले ते दुसरेच काहीतरी.

लँड यांच्या कर्तृत्वाचा कळस म्हणजे १९७२ चा एसएक्स-सेव्हन्टी हा कॅमेरा. त्याआधीच्या कॅमेऱ्यांत फोटो बाहेर ओढायचा, घड्याळ पाहत थांबायचे, मग वरचा कागद सोलून काढायचा आणि रसायनाने माखलेला तो कपटा कुठेतरी टाकायचा, असा सारा खटाटोप होता. १९७० साली चित्रित झालेल्या एका लघुपटात लँड एका रिकाम्या कारखान्यात उभे राहून, खिशातून पाकीट काढावे तसा काढता येईल अशा कॅमेऱ्याचे वर्णन करतात. दोनच वर्षांनी तो कॅमेरा अवतरला. घडी घालून कोटाच्या खिशात मावणारा, चामड्याने मढवलेला. बटण दाबताच पांढऱ्या चौकटीची एक कोरी, हिरवट पाटी आपोआप बाहेर यायची आणि भर उजेडात, पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत, तिच्यावर चित्र उमटू लागायचे. कॅमेऱ्यात बॅटरीची वेगळी सोय नव्हती. चपटी बॅटरी फिल्मच्या डबीतच असायची, म्हणजे फिल्म नवी तशी बॅटरीही नवी. एप्रिल १९७२ मध्ये भागधारकांच्या वार्षिक सभेत लँड यांनी दहा सेकंदांत पाच फोटो काढून दाखवले. चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने त्या कॅमेऱ्यावर छोटा चित्रपट केला.

या यंत्रातली सर्वांत विलक्षण गोष्ट उघड्या डोळ्यांना दिसत नाही. फिल्मवर उजेड पडला की ती जळते, हा छायाचित्रणाचा मूळ नियम. म्हणून तर अंधारी खोली. इथे फिल्म उन्हात बाहेर येते आणि तरीही जळत नाही. कारण रुळांतून बाहेर पडताना तिच्यावर पसरणाऱ्या रसायनात असे रंगद्रव्य घातले होते, की ते आधी अपारदर्शक राहून आतील थरांवर पडदा धरी, आणि चित्र तयार होताच स्वतः रंगहीन होऊन बाजूला होई. अंधारी खोली कागदाहून पातळ थरात घडी करून ठेवल्यासारखेच हे होते. या पडद्यासाठी प्रयोगशाळेने अपार कष्ट घेतले. लेखाच्या शेवटी आपल्याला त्याच्याकडे पुन्हा यावे लागणार आहे.

कलावंतांनी हे खेळणे लगेच उचलले. वॉकर एव्हान्स यांनी आयुष्याच्या अखेरीस त्यावर काम केले. पत्नीच्या निधनानंतर एकाकी झालेल्या आंद्रे केर्तेश यांनी न्यूयॉर्कच्या आपल्या खिडकीत काचेच्या लहान वस्तू मांडून जे पोलरॉइड काढले, त्यांतले दुःख मोठ्या आकाराच्या कुठल्याही छायाचित्रात मावले नसते असे आम्हांला वाटते. तार्कोव्हस्की यांनी रशियातले घर आणि इटलीतले धुके याच चौकटीत टिपले. डेव्हिड हॉकनी यांनी १९८२ मध्ये अशा अनेक चौकोनांची जुळणी करून एका दृश्यात अनेक क्षण बसवले. हाती येणारी प्रत एकमेव असते, तिची निगेटिव्ह नसते, ती हरवली तर गेलीच. 'पोलरॉइड' हा शब्द अनेक भाषांत स्मृतीचे रूपक होऊन बसला, तो यामुळेच.

द्रष्ट्याला सगळे दिसते असे मात्र नाही. १९७० मध्ये पोलरॉइडच्याच कॅरोलाइन हंटर आणि केन विल्यम्स या दोन कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांच्या ध्यानात आले, की दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी सरकारच्या ओळखपत्रांच्या जाचक व्यवस्थेत आपल्या कंपनीचे तंत्र वापरले जात आहे. त्यांनी चळवळ उभारली. कंपनीने आधी इन्कार केला, मग सुधारणांचा एक प्रयोग जाहीर केला. हंटर यांना नोकरीवरून काढले. अखेर १९७७ मध्ये कंपनी त्या देशातून बाहेर पडली. फोटो आत्ताच्या आत्ता मिळाला की तो कुणाच्या हाती मिळतो, हा प्रश्न मुलीने विचारला नव्हता. तो कामगारांनी विचारला.

आता पोलाव्हिजन. १९७७ च्या वार्षिक सभेत लँड यांनी काही क्षणांत पाहता येणारा चलच्चित्रपट सादर केला. कॅसेटमधली फिल्म अडीच-एक मिनिटांची, आवाज नाही, स्वतंत्र पडदायंत्र लागायचे, चित्र अंधुक. त्याच सुमारास घरोघरी व्हिडिओ टेप येत होती. ती पुसून पुन्हा वापरता येई आणि तिच्यात आवाजही होता. १९७९ मध्ये कंपनीला ६ कोटी ८५ लाख डॉलर बुडीत खाती टाकावे लागले. त्या काळातल्या एका सभेत नफ्याविषयी छेडले असता, हिशेबाची शेवटची ओळ स्वर्गात असते, अशा आशयाचे उत्तर लँड यांनी दिल्याचे सांगतात. उत्तर सुंदर आहे. पण ज्यांची पोटे त्या शेवटच्या ओळीवर अवलंबून होती, त्यांना ते तितके सुंदर वाटले नसावे. १९७८ च्या सुमारास कंपनीत एकवीस हजारांच्या आसपास माणसे कामाला होती.

पोलाव्हिजनचे अपयश हा बखरीतला सर्वांत अवघड प्रसंग आहे, कारण तेव्हा गादीवर द्रष्टाच होता. 'आत्ताच का पाहता येत नाही?' या प्रश्नाला चुंबकीय फीत अधिक चांगले उत्तर देत होती, आणि लँड ते पाहत नव्हते. तीस वर्षे रसायनात इतकी सिद्धी मिळाल्यावर, तत्काळ म्हणजे रसायन, हे समीकरण त्यांच्याच मनात पक्के झाले होते. वारशातला दोष वारसांनी निर्माण केला नाही. तो मूळ पुरुषाकडूनच आला.

सत्तांतर एका रात्रीत झाले नाही. १९७५ मध्ये बिल मॅक्यून अध्यक्ष झाले, १९८० मध्ये मुख्य कार्यकारी. १९८२ मध्ये लँड कंपनीतून पूर्ण बाहेर पडले आणि १९८५ मध्ये त्यांनी आपले उरलेले शेअर्सही विकले. केंब्रिजमध्येच उभारलेल्या रोलँड संस्थेत ते रंगदृष्टीच्या अभ्यासात रमले. मॅक्यून हे बाहेरून आणलेले हिशेबनीस नव्हते. ते अभियंता होते, १९३९ पासून कंपनीत होते, आणि पोलाव्हिजनबाबत त्यांच्या मनात शंका होत्या. कारकुनांनी ऋषीला घालवले, हे सूत्र इथेच फसते. एका कारागिराने दुसऱ्या कारागिराच्या हट्टाला मुरड घातली, असे फार तर म्हणता येईल.

मग पुढे बिघडले काय? सुरुवातीला काहीच बिघडल्यासारखे दिसत नाही. १९७६ मध्ये कोडॅकने स्वतःचा झटपट कॅमेरा काढला होता, आणि पोलरॉइडने आठवड्याभरात खटला भरला होता. (कोडॅक अनेक वर्षे पोलरॉइडसाठी निगेटिव्ह बनवून देत असे. घरचा पुरवठादार प्रतिस्पर्धी झाला, म्हणून लँड यांचा राग केवळ व्यापारी नव्हता. त्यांनी स्वतः साक्ष दिली.) १९८५ मध्ये निकाल पोलरॉइडच्या बाजूने लागला, आणि जानेवारी १९८६ मध्ये कोडॅकला तो व्यवसाय सोडावा लागला. भरपाई ठरायला आणखी काही वर्षे गेली. शेवटी १९९१ च्या जुलैत ९२ कोटी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. लँड त्याच वर्षीच्या १ मार्चला निवर्तले होते. कंपनीची विक्री तीन अब्ज डॉलरच्या घरात जाऊन शिखराला पोहोचली, तेही १९९१ मध्येच. संस्थापकाचा मृत्यू, त्याच्या शोधावर न्यायालयाची मोहोर आणि विक्रीचा उच्चांक, असे तिन्ही योग एका वर्षात आले. आम्हांला या विजयातच पराभवाचे बी दिसते. दहा-पंधरा वर्षे कंपनीची उत्तम बुद्धी एक जुने उत्तर आपलेच आहे हे सिद्ध करण्यात गुंतली होती.

यातच १९८८ मध्ये डिस्ने घराण्यातील रॉय डिस्ने यांच्या शॅमरॉक होल्डिंग्जने कंपनी गिळण्याचा प्रयत्न केला. तो परतवण्यासाठी व्यवस्थापनाने कर्मचाऱ्यांची भागधारक योजना काढली. कर्मचाऱ्यांनी वेतनातला काही हिस्सा सोडला, आणि त्यांच्या नावे कंपनीचे सुमारे १४ टक्के शेअर्स झाले. किल्ला वाचला, पण कर्ज वाढले. त्या कर्मचाऱ्यांची गोष्ट अजून संपलेली नाही.

अंकीय छायाचित्रण आले तेव्हा पोलरॉइड झोपली होती, असा सार्वत्रिक समज आहे. तो साफ चुकीचा आहे. मेरी ट्रिप्सास आणि जोव्हानी गावेट्टी या दोन अभ्यासकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दाखवून दिले आहे, की १९८९ पर्यंत कंपनीच्या संशोधनखर्चापैकी ४२ टक्के रक्कम अंकीय प्रतिमांशी संबंधित कामावर खर्च होत होती. १९९२ च्या सुमारास उत्तम दर्जाच्या अंकीय कॅमेऱ्याचा चालता नमुना प्रयोगशाळेत तयार होता. तो बाजारात आला १९९६ मध्ये, तोवर स्पर्धकांची रीघ लागली होती. विलंब ज्ञानाच्या अभावामुळे झाला नाही, श्रद्धेमुळे झाला. कॅमेरा स्वस्तात द्यायचा आणि नफा फिल्मवर मिळवायचा, ही रीत लँड यांच्या काळापासून चालत आलेली होती. जो कॅमेरा फिल्मच खात नाही, त्यात पैसा कुठून येणार? शिवाय माणसाला अखेर हातात धरता येईल असा फोटोच हवा असतो, हा सिद्धांत वरिष्ठांच्या मनात वेदवाक्याप्रमाणे वसला होता. म्हणून प्रयोगशाळेतून जे अंकीय यंत्र वर येई, त्याला शेवटी छापील प्रत जोडण्याचा आग्रह होई. १९९५ मध्ये बाहेरच्या उद्योगातून नवे मुख्य कार्यकारी आले. त्यांनी खर्च कापला, बाजाराचा कानोसा घेतला, आणि १९९९ मध्ये मुलांसाठी आय-झोन नावाचा इवलासा कॅमेरा काढून क्षणभर यशही मिळवले. तपशील पुष्कळ आहे, अर्थ थोडा.

ज्या घरात 'आत्ताच का पाहता येत नाही?' हा प्रश्न जन्मला, त्या घरात त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठीवर त्याच क्षणी दिसणारे चित्र, तयार होऊन पडले होते. ते दारी आले तेव्हा घरच्यांनी त्याला ओळखले नाही, कारण त्याच्या हातात कागद नव्हता. आमचे म्हणणे एवढेच आहे, की लँड यांच्यामागून पोलरॉइडला वारशात उत्तर मिळाले, प्रश्न मिळाला नाही.

साहित्याच्या आणि संगीताच्या अभ्यासकांना ही अवस्था परिचयाची आहे. सूत्रकारामागून भाष्यकार येतो. भाष्यकार बलवान असेल तर सूत्र ज्या शंकेतून जन्मले, त्या शंकेपर्यंत मागे जातो आणि प्रसंगी सूत्राशी भांडतो. दुबळा असेल तर सूत्र पाठ करतो. गुरूची गायकी आणि गुरूचा गळा यांतला भेद ज्या शिष्याला कळत नाही, तो गुरूच्या उतारवयातला कापरा स्वरही घराण्याची खूण म्हणून गिरवत बसतो. पोलरॉइडच्या अधिकाऱ्यांनी लँड यांच्याशी द्रोह केला असे म्हणण्यापेक्षा त्यांनी फार निष्ठेने त्यांना गिरवले असे म्हणणे आम्हांला अधिक खरे वाटते. फक्त ज्या लँडना त्यांनी गिरवले, ते १९७७ चे होते, १९४३ चे नव्हते.

जॉब्ज यांना या धोक्याची जाणीव होती, असे दिसते. वॉल्ट डिस्ने गेल्यावर त्यांच्या कंपनीतले लोक 'वॉल्ट यांनी काय केले असते?' असे विचारत खिळून बसले, तसे तू करू नकोस, असे त्यांनी टिम कुक यांना बजावल्याचे कुक यांनीच ऑक्टोबर २०११ च्या स्मृतिसभेत सांगितले. ॲपल बुडाली नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये तिचे बाजारमूल्य एक लाख कोटी डॉलरच्या वर गेले. घड्याळ आले, कानात घालायची यंत्रे आली. मोटारीचा दीर्घकाळ चाललेला गुप्त उद्योग २०२४ मध्ये गुंडाळला गेला. तरी जॉब्ज यांच्यानंतरची दशकभराहून अधिक कमाई मुख्यतः २००७ साली त्यांनी दिलेल्या उत्तरावरच, म्हणजे आयफोनवर, उभी होती. भरभराट हा वारसा समजल्याचा पुरावा नव्हे. १९९१ ची पोलरॉइडही भरभराटीतच होती.

पोलरॉइडने ऑक्टोबर २००१ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्या कर्मचाऱ्यांनी वेतन सोडून शेअर्स घेतले होते, त्यांच्या हाती जवळजवळ काहीच राहिले नाही. निवृत्तांचा आरोग्यविमाही गेला. लँड यांच्या मागे जे कोणी खरोखर उघडे पडले असतील, तर ते हेच लोक. द्रष्ट्यांच्या चरित्रग्रंथांत त्यांना अर्धे पानही मिळत नाही. नाव तेवढे विकले जात राहिले. २००५ मध्ये ते टॉम पेटर्स यांच्या उद्योगसमूहाने घेतले. २००८ मध्ये पेटर्स यांना अब्जावधींच्या गुंतवणूक-घोटाळ्यात अटक झाली आणि कंपनी दुसऱ्यांदा दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी झटपट फिल्मचे उत्पादन थांबवल्याचे जाहीर झाले. २०१० मध्ये कंपनीच्या छायाचित्रसंग्रहातला मोठा भाग न्यूयॉर्कच्या सदबीजमध्ये लिलावात निघाला. ॲन्सेल ॲडम्स यांच्या कलाकृतीही त्यात होत्या.

इथे आमच्याच मांडणीला एक अडचण येते, ती लपवू नये. कागद मेला नाही. फूजीफिल्मने १९९८ मध्ये काढलेली इन्स्टॅक्स ही झटपट कॅमेऱ्यांची मालिका, सगळ्यांच्या खिशात अंकीय कॅमेरा आल्यानंतर, एका आर्थिक वर्षात एक कोटी नगांपर्यंत पोहोचली. म्हणजे माणसाला हातात धरायला फोटो हवा असतो, हे पोलरॉइडच्या वरिष्ठांचे मत अगदीच खोटे नव्हते. मात्र हे गिऱ्हाईक फोटो लवकर पाहायला मिळावा म्हणून कागद घेत नाही. फोटो तर त्याला फोनवर क्षणात दिसतो. त्याला एकमेव असलेली, देता येणारी, भिंतीवर टाचता येणारी वस्तू हवी असते. तो वेगळाच प्रश्न आहे, आणि तो केर्तेश यांच्या खिडकीशी अधिक जवळचा आहे.

नेदरलँड्समधील एन्स्खेडे येथे पोलरॉइडचा शेवटचा मोठा फिल्म-कारखाना होता. २००८ मध्ये तो बंद होत असताना फ्लोरियन काप्स आणि तेथेच व्यवस्थापक असलेले आंद्रे बोस्मान यांनी यंत्रसामग्री विकत घेतली, मोजके जुने कामगार हाताशी धरले आणि 'इम्पॉसिबल प्रोजेक्ट' सुरू केला. यंत्रे होती, पण रसायने नव्हती. पुरवठादार बंद झाले होते, काही द्रव्ये आता कुणीच बनवत नव्हते, आणि फिल्म जवळजवळ नव्याने शोधावी लागली. २०१० मध्ये ती विक्रीस आली. सर्वांत मोठी अडचण त्या पडद्याची होती, उजेड अडवून मग स्वतः नाहीसा होणाऱ्या रंगद्रव्याची. तो पूर्वीसारखा जमेना. फोटो बाहेर येताच तो तळहाताखाली किंवा खिशात झाकावा लागे. पुढे कॅमेऱ्याच्या तोंडाला बेडकाच्या जिभेसारखी उलगडणारी काळी पट्टी लावण्याची सोय काढली गेली. २०१७ मध्ये पोलरॉइड हे नावही याच मंडळींकडे आले, आणि २०२० पासून कंपनी पुन्हा नुसती पोलरॉइड म्हणवू लागली. त्यांच्या रंगीत फिल्मवर चित्र पुरते उमटायला दहा ते पंधरा मिनिटे लागतात. १९४८ साली, जॉर्डन मार्शच्या दुकानात, एक मिनिट लागत होते.